अब्रूचे पाणी

आमच्या वर्ध्याकडे अब्रू वेशीवर टांगली जाते, चव्हाट्यावर येते. कोर्टात मात्र तिचे नुसते ‘नुकसान’ होते! मूळ फारसी शब्दाचा अर्थ ‘चेहऱ्याचे पाणी’. पवनारला धामेच्या पात्रात सांडलेली ओंजळ कुणी परत भरून आणली आहे काय? भरपाईची भाषा म्हणूनच मला तोकडी वाटते. पण बोलीही एक गोष्ट विचारीत नाही: बोलणे खरे होते की खोटे? १८८२ साली कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या अब्रूनुकसानीबद्दल टिळक-आगरकरांना ४ महिन्यांची शिक्षा झाली; ज्या पत्रांवर ते विसंबले, ती बनावट ठरली. हेतू स्वच्छ, आधार खोटा. टीका आणि नालस्ती यांतली रेघ शब्दांच्या तिखटपणाने नव्हे, पुराव्याने ओढावी. फराळाची चकली तिखट चालते, वाचकहो. खवट चालत नाही.