‘झोंबी’त जे मागे राहिले

आनंद यादवांच्या ‘झोंबी’विषयी बोलताना आपल्याकडे एक शब्द ठरून गेला आहे : जिद्द. १९८७ साली पुस्तक आले, १९९० साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि तेव्हापासून वडीलधारी माणसे ते मुलांच्या हाती देताना म्हणतात, “बघ, ढोरे राखून हा शिकला, तुला तर सगळे आयते आहे!” मी पडलो शाळामास्तर, हे वाक्य पालकांच्या तोंडून वरचेवर कानी येते. पुस्तकाची याहून मोठी कुचंबणा नसेल.

कागलच्या त्या मुलाला बापाने शाळेतून काढून मळ्यात घातले आहे. आई आणि मुलगा रात्री दत्ताजीराव देसायांकडे जातात. मोठ्या माणसाने शब्द टाकावा, आणि आपण आलो होतो हे मात्र बापाला कळू नये, अशी त्यांची केविलवाणी विनवणी! शब्द टाकला जातो. बाप कबूल होतो, पण अटींवर : उजाडल्यापासून शाळेच्या वेळेपर्यंत मळा, सुटल्यावर पुन्हा ढोरे. वर्गात परतावे तर बरोबरीची मुले पुढे गेलेली, लहानांच्या रांगेत बसायचे, वर त्यांची टवाळी सोसायची. आता वाचकहो, एवढाच विचार करा की त्या रात्री देसाई घरी नसते तर? किंवा त्यांचे मन त्या दिवशी थाऱ्यावर नसते तर? मग ना ‘गोतावळा’, ना ‘झोंबी’. एका भाषेची थोर पुस्तके एका गृहस्थाच्या लहरीवर टांगलेली असावीत, ही गोष्ट मला जिद्दीच्या गोष्टीहून फार भयंकर वाटते.

सौंदलगेकर मास्तरांची कविता शिकवण्याची पाने मराठीत अमोल आहेत. मुलगा पाणी पाजताना कविता म्हणतो, कागद नसला की काठीने म्हशीच्या पाठीवर ओळी लिहितो. वाचक इथे हसतो, हसावेही. पण पुन्हा वाचले की ध्यानात येते : म्हैस डुंबली की ओळ गेली! किती ओळी अशा गेल्या असतील, आणि किती मुलांच्या साऱ्याच गेल्या असतील? त्याच घरातली पाठची भावंडे मळ्यात राबत राहतात. त्यांच्यात कोण काय होते हे यादवांनाही सांगता येत नाही, कारण ते कळायलासुद्धा शाळा लागते.

आमच्या गगनबावड्याकडे आषाढात पाऊस कोसळू लागला की रोपलावण सुरू होते, आणि माझ्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात. वर्गात एक मुलगी होती. तोंडी हिशेबात तिच्या पुढे मी स्वतः अडखळे. धाकटे भावंड सांभाळायला म्हणून ती आधी आठ दिवस राहिली, मग महिनाभर, मग आलीच नाही. तिच्याच बाकावरचा दुकानदाराचा मुलगा बुद्धीने बेताचा. तो शहरात शिकतो आहे. दोघांची मुले उद्या शाळेत येतील तेव्हा अंतर एका बाकाचे राहणार नाही. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, तेव्हा पदव्यांचे स्तोम माजवतो आहे असे कुणी समजू नये.

शाहू महाराजांनी हे नेमके ओळखले होते. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली, कारण भाकरी आणि निवारा नसेल तर शाळा उघडी असून नसल्यासारखीच. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. कागल तर त्यांचे जन्मघराणे! तिथल्याच पोराला काही दशकांनी शाळेसाठी झोंबी खेळावी लागावी, यातला उपरोध यादव बोलून दाखवत नाहीत. दाखवायला हवा होता असे मला वाटते.

या जिद्द-पंथाचे दुसरे आवडते उदाहरण अण्णा भाऊ साठे. दीड दिवसाची शाळा आणि तरी ‘फकिरा’! जणू शाळा चुकली म्हणूनच प्रतिभा फुलली. १९५९ साली ‘फकिरा’ आली, १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, आणि १९६९ साली एकोणपन्नास वर्षेही पुरी न होता लेखक हलाखीत गेला. पुढची वीस वर्षे त्यांनी काय लिहिले असते, याचा हिशेब दारिद्र्याकडून कोण मागणार?

यादवांच्या पुढच्या ‘नांगरणी’त मला ‘झोंबी’ची धग उणावल्यासारखी वाटली; स्वतःच्या वाटचालीकडे लेखकाचे लक्ष जास्त जाते. पण पहिल्या पुस्तकात घर आहे, आणि घरातले प्रत्येक माणूस थकलेले आहे. ‘जूझ’ या नावाने त्यातला एक भाग बारावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकात गेला. त्यात देसाई आहेत, सौंदलगेकर आहेत, म्हशीची पाठही आहे. उतारा कवितेच्या आनंदात संपतो. मूळ पुस्तकात त्यानंतर पुष्कळ पाने आहेत, आणि त्यांतही मळ्याला पाणी पाजायचे असतेच.