‘मंगल’ : एका अक्षरवळणाचे परीक्षण

पुस्तकांची परीक्षणे लिहिली जातात. अक्षरांची सहसा कोणी लिहीत नाही. तरीही ‘मंगल’ या फॉन्टविषयी आम्ही लिहीत आहोत, त्यास निमित्त झाली एक फ्लॉपी. परळच्या एका वृद्ध गिरणी कामगाराच्या आठवणी १९९६ साली दादरच्या एका डीटीपी केंद्रात जुळवून घेतल्या होत्या. जागेअभावी निम्म्याच छापता आल्या. हस्तलिखित पुढे हरवले. फ्लॉपी वाचणारे यंत्र लॅमिंग्टन रोडवर मिळाले खरे, पण पडद्यावर उमटली ती अर्थहीन रोमन अक्षरे.

त्या काळच्या बहुतेक मराठी फॉन्टची रीतच तशी होती. रोमन अक्षरांसाठी ठरलेल्या क्रमांकांवर आपल्या अक्षरांचे तुकडे बसवलेले, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फॉन्ट गेला की मजकूर गेला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले, तेव्हा नागरी खिळे नव्हते. म्हणून मराठी ओवीने रोमन लिपीचा पेहराव केला. पावणेचारशे वर्षांनी संगणकाच्या पोटात आपण नकळत तेच केले. फरक एवढाच की फादरांची रोमन लिपी वाचता येते!

१९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक लाभले. ‘मंगल’ त्याच मांडणीवर उभा आहे. तो घडवला र. कृ. जोशी यांनी, कवी, सुलेखनकार आणि पवईच्या आय.आय.टी.त अध्यापन केलेले. विंडोज २००० पासून तो संगणकाबरोबरच येऊ लागला, निराळा विकत घ्यावा लागला नाही.

डोळ्यांना तो रुचतो काय? आमचे उत्तर अर्धेच होकारार्थी आहे. पडद्यावर तो स्वच्छ आणि निगर्वी दिसतो. कागदावर मात्र अक्षर रोडावते आणि दोन ओळींमधील जागेची उधळपट्टी होते. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांचा डौल येथे शोधू नये. ती अक्षरे धातूत कापलेली. ही पडद्यावरच्या ठिपक्यांत बसवायची होती. परंतु ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ येथे वेगळे राहतात, आणि फॉन्ट बदलला तरी शब्द शाबूत राहतो. हे आम्हांस डौलापेक्षा मोठे वाटते.

फ्लॉपीतील मजकूर रूपांतर करून आता ‘मंगल’मध्ये आणला आहे. जोडाक्षरे बरीच फुटली. गिरणीच्या भोंग्याविषयीची तीन पाने अद्याप लागत नाहीत. वडिलांच्या तोंडून ऐकलेले त्यांची कन्या सांगते, तसे आम्ही दुरुस्त करीत आहोत.