कर्नाळ्याची खिंड उगाच बदनाम आहे

परवा पळस्प्याहून पेणकडे जाताना कर्नाळा अभयारण्याच्या फाटकाजवळ चहाला थांबले होते. शेजारी एक इलेक्ट्रिक टॅक्सी उभी. चालकदादांनी विचारलं, "ताई, काय करता?" म्हटलं, पीएचडी करतेय, इलेक्ट्रिक गाडी एका चार्जिंगमध्ये नक्की किती जाईल याचा अंदाज कसा बांधायचा यावर. दादा हसले. "मग एवढंच सांगा, ही खिंड माझी रेंज का खाते?"

त्यांचं गणित साधं होतं. गाडीच्या माहितीपत्रकावर चारशेच्या जवळचा आकडा. पनवेल ते महाड जाऊन-येऊन अडीचशे किमीच्या आसपास. म्हणजे एका चार्जिंगमध्ये एक फेरी आरामात, आणि संध्याकाळी मुंबईचं एखादं भाडं. कर्जाचा हप्ता याच हिशोबावर बसवलेला. प्रत्यक्षात परतताना वाटेत पाऊण तास चार्जिंगला थांबावं लागतं, रांग असेल तर जास्तच, आणि संध्याकाळचं भाडं हातातून जातं. "पनवेलमध्ये पडद्यावर मस्त आकडा दिसतो. खिंड लागली की धडाधड उतरतो. मला फॉल्टी गाडी दिलीय का?"

हा प्रश्न तुमच्यापैकीही अनेकांना पडला असेल, म्हणून आज त्याचं उत्तर नीट लिहिते. कागद-पेन्सिल घ्या, अवघड काही नाही.

आधी खिंडीचाच हिशोब करू. माणसं धरून १,७०० किलोची गाडी १०० मीटर वर चढवायला साधारण अर्धं युनिट वीज लागते. हे युनिट आपल्या वीजबिलातलंच, म्हणजे एक किलोवॅट-तास. आणि उतारावर मोटर उलटी चालून त्यातला निम्म्याहून अधिक भाग बॅटरीत परत भरते. दादांच्या गाडीची बॅटरी चाळीस युनिटच्या घरातली. त्यातून खिंडीने अर्धं घेतलं आणि त्यातलंही बरंचसं परत दिलं, तर शंभर-सव्वाशे किमी गेले कुठे?

त्यासाठी आकडा कुठून येतो ते पाहायला हवं. आपल्याकडे गाडीची रेंज ठरते ती 'एमआयडीसी'वर. तळोज्याची एमआयडीसी नव्हे! मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग कमी-जास्त करतात. हवेचा विरोध रोलरवरच भार लावून आणला जातो, म्हणजे तो विसरलेला नसतो. पण चढ नाही, एसी बंद, खोलीचं तापमान माफक. तक्त्याचे दोन भाग आहेत. पहिला शहरी भाग ७८० सेकंदांचा, त्यात वेग ५० च्या वर जात नाही आणि थांबे धरून सरासरी ताशी १९ किमीच्या आसपास पडते. दुसरा ४०० सेकंदांचा, त्यात कमाल वेग ९०, तोही थोडाच वेळ.

आता गंमत बघा. नेक्सॉन ईव्हीची ४०.५ युनिटची आवृत्ती २०२३ मध्ये ४६५ किमी या आकड्यासह आली. २०२४ मध्ये तीच बॅटरी, तीच गाडी, पण आकडा झाला ३९०. गाडीत काहीच बिघडलं नव्हतं. आधीचा आकडा फक्त शहरी भागाचा होता, मग दोन्ही भाग धरून सांगायचं असं वाहन उद्योगाने ठरवलं. महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई चंही तसंच आहे. ७९ युनिटच्या बॅटरीला आपल्या चाचणीत ६५६ किमी, आणि ताशी १३० पर्यंत वेग नेणाऱ्या डब्ल्यूएलटीपी या आंतरराष्ट्रीय चाचणीत ५३३. गाडी तीच, प्रश्न वेगळा, म्हणून उत्तर वेगळं.

मग खोटं कोण बोलतंय? माझं म्हणणं, कुणीच नाही. ४०.५ युनिटमध्ये ४६५ किमी म्हणजे १०० किमीला ८.७ युनिट. हे शक्य आहे का, ते आपणच बघू. मध्यम आकाराच्या एसयूव्हीला टायरच्या घर्षणापोटी १०० किमीला साधारण ५ युनिट लागतात, वेग कितीही असो. ताशी ५० ने हवा कापायला आणखी सव्वादोन-अडीच. बॅटरीपासून चाकापर्यंत येताना शंभरातली बाराएक वाया जातात, ते धरलं तर झाली सव्वाआठ-साडेआठ युनिट. म्हणजे सपाट रस्ता, एसी बंद आणि वेग ५० असेल तर साडेचारशेच्या पुढचा आकडा खराच आहे.

पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला की विरोध चौपट. ताशी ९० ला हवाच १०० किमीला साडेसात युनिट घेते. त्यात टायरचे ५, वाया जाणारे धरून सव्वाचौदा, एसीचे सव्वा. बेरीज साडेपंधरा. ४०.५ भागिले १५.५, गुणिले १००. उत्तर येतं २६० किमी. ताशी १०० ने गेलात तर २३० च्या आसपास. हे माझे ढोबळ आकडे आहेत, गाडीगणिक थोडे हलतील, पण दिशा हलणार नाही.

आता पडद्यावरच्या आकड्याकडे येऊ, कारण खिंड बदनाम झाली ती त्याच्यामुळेच. हा आकडा साधारणपणे असा काढतात: बॅटरीत उरलेली वीज भागिले मागच्या काही किलोमीटरांचा सरासरी खप. पनवेलच्या गर्दीत तुम्ही तीस-चाळीसने फिरत होतात, खप कमी, म्हणून आकडा फुगलेला. पळस्प्याला महामार्ग लागला, वेग वाढला, खप जवळपास दुप्पट झाला. पण सरासरीला ते कळायला काही किमी जावे लागतात. ते कळतं नेमकं कर्नाळ्याच्या आसपास, आणि त्याच वेळी चढही लागतो. दोन्ही मिळून आकडा कोसळतो आणि आपल्याला डोळ्यासमोर दिसते ती खिंड. वेग दिसत नाही, कारण त्याची आपल्याला सवय असते.

माझ्या संशोधनाचा गाभा हाच आहे. मागे वळून बघणारा अंदाज पुढच्या रस्त्याबद्दल काय सांगणार? नकाशावर चढ-उतार आहेत, रस्त्याचा नेहमीचा वेग माहीत असतो, बाहेरचं तापमान माहीत असतं. ते आधीच धरून गणित मांडता येतं. काही गाड्या हे थोडंफार करतातही, पण चालकाला तो आकडा कशावरून आला ते कळत नाही, आणि न कळणाऱ्या आकड्यावर माणूस एकदा फसला की पुन्हा विश्वास ठेवत नाही.

दुसरं टोक आहे कोंडीचं. गणपतीच्या आधी वडखळला अडकलेल्या कुणालाही विचारा. एसी किलोमीटरवर चालत नाही, तासावर चालतो. १,२०० वॉटचा एसी ताशी ९० ला १०० किमीमागे सव्वा युनिट घेतो, पण ताशी १५ ला तेवढ्याच अंतराला ८ युनिट. म्हणजे कोंडीत हवेने वाचवलेलं एसीने खाल्लं.

माझा आक्षेप चाचणीवर नाही. दहा गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला अशी ठरलेली चाचणी हवीच. आक्षेप आहे तो एका आकड्यावर, जो अटींशिवाय छापला जातो आणि ज्याच्यावर माणसं कर्ज काढतात. २०२१ च्या मार्चमध्ये दिल्ली सरकारने रेंजच्या तक्रारीवरून नेक्सॉन ईव्हीचं अनुदान थांबवलं, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. कंपनी प्रमाणपत्र दाखवू शकत होती, ग्राहक रस्ता दाखवत होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, हीच तर अडचण आहे.

टाटाने २०२४ मध्ये कर्व्ह ईव्हीसोबत 'सी ७५' नावाचा आकडा द्यायला सुरुवात केली, म्हणजे तीन चतुर्थांश ग्राहकांना प्रत्यक्षात जेवढी मिळेल तेवढी रेंज. चाचणीत ५८५, सी ७५ मध्ये ४०० ते ४२५. पाऊल चांगलं आहे, हे मान्य करायलाच हवं. पण हाही कंपनीने स्वतःच दिलेला आकडा, आणि त्यातही शहरात ऑफिसला जाणारा आणि रोज महाड गाठणारा एकाच सरासरीत बसवलेत. दादा त्या पाऊणमध्ये आहेत की उरलेल्या पावमध्ये, हे त्यांना कोण सांगणार?

उपाय फार मोठा नाही. माहितीपत्रकावर एका आकड्याऐवजी चार ओळी छापा: ताशी ५०, ८० आणि १०० ला एसी लावून किती, आणि कोंडीत दर तासाला किती युनिट. नॉर्वेत तिथली वाहनचालकांची संघटना दर हिवाळ्यात नव्या गाड्या खऱ्या रस्त्यावर बॅटरी संपेपर्यंत पळवते आणि जाहीर रेंजशेजारी प्रत्यक्ष अंतर छापते. त्यांचा शत्रू बर्फ, आपला वेग आणि एसी. पनवेल ते सावंतवाडी अशी चाचणी भर मे महिन्यात कुणीतरी घ्यायला काय हरकत आहे?

दादांना मी कपाच्या टेकूवर कागद ठेवून एवढंच लिहून दिलं. तुमच्याएवढ्या बॅटरीला ताशी १०० ने २३० किमी, म्हणजे महाडची फेरी पूर्ण होत नाही. ताशी ८० ने २९० च्या आसपास, म्हणजे होते, थोडी शिल्लक ठेवून. अडीचशे किमीत वेळ जास्त लागतो तो ३५-४० मिनिटं. चार्जिंगचा थांबा पाऊण तासाचा, रांग वेगळी. मधे कोंडी लागली तर तेवढी शिल्लक पुरणार नाही, हेही सांगितलं.

दादांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "म्हणजे गाडी फॉल्टी नाही." नाही. "आणि संध्याकाळचं भाडं?" त्यासाठी घरी येऊन चार्जिंग करावंच लागेल, म्हटलं. त्यांनी मान हलवली. हा हिशोब त्यांना गाडी घेण्याआधी मिळायला हवा होता, कर्नाळ्याच्या टपरीवर नाही.