खोटे बोलल्यावर मिळालेला न्याय

२०२३ साली आलेल्या ‘दहाड’ या ८ भागांच्या हिंदी मालिकेला रहस्यकथा म्हटले जाते. पण खुनी कोण, हे प्रेक्षकाला लवकरच कळते. खरे रहस्य पहिल्याच भागात उघडे पडते.

राजस्थानातील मंडावा. उतरंडीत खाली ठेवलेल्या जातीतल्या एका गरीब तरुणाची बहीण बेपत्ता आहे. तो ठाण्यात खेटे घालतो. कुणी दाद देत नाही. त्याच सुमारास ठाकुराची मुलगी मुसलमान मुलाबरोबर निघून जाते, आणि पुढारी, पोलीस सारेच धावू लागतात. तो भाऊ हे पाहतो. आपल्या बहिणीलाही मुसलमानानेच पळवले, असे खोटे सांगतो. आता मात्र तपासाला गती येते!

हा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. खऱ्या तक्रारीला जिथे जागा नव्हती, तिथे खोट्याला ती मिळाली. आणि हे खोटे दुसऱ्या एका दबलेल्या समाजाच्या माथी मारावे लागले. व्यवस्था एका पीडिताला दुसऱ्याविरुद्ध कशी उभी करते, ते इथे लख्ख दिसते.

बापाने जात झाकण्यासाठी घेतलेले ‘भाटी’ हे आडनाव टाकून फौजदार अंजली अखेरीस पुन्हा ‘मेघवाल’ होते, हे स्वागतार्हच. पण न्याय मात्र तिच्या एकटीच्या हिमतीवर सोडला जातो. ज्या ठाण्यात अंजली नाही, तिथे त्या भावाने काय करायचे? मालिका हे विचारीत नाही. चळवळीला ते विचारावेच लागेल.