आई कोणत्या रकान्यात?

एकल माता आणि त्यांची कुमारवयीन मुले या विषयावरील अमेरिकी संशोधनाचा विचार सारा मॅक्लॅनहन यांना वगळून करता येत नाही. आधी विस्कॉन्सिन आणि मग प्रिन्स्टन विद्यापीठात त्यांनी सुमारे चार दशके हाच प्रश्न लावून धरला. घटस्फोटानंतर त्यांनी स्वतः तीन मुलांना एकटीने वाढवले होते. गरिबीचा परिणाम वजा केला की या मुलांत आणि इतरांत फारसा फरक उरणार नाही, अशी त्यांची सुरुवातीची अपेक्षा होती. फरक उरला, आणि त्यांनी तो लपवला नाही. २०२१च्या अखेरीस त्यांचे निधन झाले.

गॅरी सँडेफर यांच्यासह लिहिलेले ‘ग्रोइंग अप विथ अ सिंगल पेरेंट’ (१९९४) हे पुस्तक मी अनेक वर्षे वर्गात शिकवले. एका पालकाबरोबर वाढणाऱ्या मुलांत शाळा अर्धवट सोडण्याचे प्रमाण दुप्पट असते, हा त्यातला गाजलेला निष्कर्ष. मीही तो फळ्यावर लिहून पुढे जात असे. एकदा तास संपल्यावर एक विद्यार्थी थांबला. त्याचे वडील तो सातवीत असताना वारले होते. त्याने विचारले, “सर, यात माझी आई कोणत्या रकान्यात येते?” मला उत्तर देता आले नाही.

उत्तर पुस्तकातच होते. दोन्ही पालकांच्या घरात शाळागळती १३ टक्के. पालकांचा घटस्फोट झालेला असेल तर ३१ टक्के, आई अविवाहित असेल तर ३७ टक्के. आणि पालकाचा मृत्यू झाला असेल तर १५ टक्के. घरात एकच पालक असणे हेच मूळ कारण असते, तर हा शेवटचा आकडा इतका खाली आला नसता. अमेरिकेत दिवंगत कमावत्या पालकाच्या मुलांना सामाजिक सुरक्षा योजनेतून दरमहा रक्कम मिळते. विधवेकडे समाज दोषी म्हणून पाहत नाही. माझ्या मते या दोन गोष्टी त्या आकड्यामागे आहेत. एकूण तोट्यापैकी निम्म्याच्या आसपास वाटा कमी उत्पन्नाचा, हे तर लेखकद्वयच दाखवते.

आणखी एक हिशेब त्यांनीच मांडला आहे. देशातले प्रत्येक मूल दोन पालकांच्या घरात वाढले असते, तरी एकूण गळती १९ वरून १३ टक्क्यांपर्यंतच उतरली असती. म्हणजे दोन तृतीयांश प्रश्न शिल्लकच. तरीही राजकीय वादात ‘दुप्पट’ हा शब्द उचलला गेला, हे हिशेब मागे पडले.

माझा आक्षेप पुस्तकाच्या रचनेवर आहे. प्रकरणामागून प्रकरण ‘एक पालक’ आणि ‘दोन पालक’ अशी दोनच गटांची तुलना चालते आणि सर्वांत बोलका तपशील कोपऱ्यात राहतो. मोजमापही शाळा, अल्पवयीन मातृत्व आणि बेकारी एवढ्यापुरतेच. पंधरा वर्षांची मुलगी आईची काळजी कशी वाहते, हे त्यात येत नाही.

ही उणीव मॅक्लॅनहन यांनाही जाणवली असावी. १९९८ ते २००० दरम्यान अमेरिकेतील मोठ्या शहरांत जन्मलेल्या सुमारे ४,९०० मुलांचा मागोवा त्यांच्या पुढाकाराने सुरू झाला. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुले अविवाहित जोडप्यांची होती. एक, तीन, पाच, नऊ आणि पंधराव्या वर्षी संशोधक त्याच कुटुंबांकडे पुन्हा गेले. जन्माच्या वेळी बहुतेक अविवाहित जोडपी एकमेकांशी बांधलेली होती. मूल पाच वर्षांचे होईतो त्यांतली बहुसंख्य दुरावली. एकाच क्षणाच्या पाहणीत हा बदल दिसला नसता.

मराठीत विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता, कुमारी माता असे वेगवेगळे शब्द आहेत. त्यांतल्या काहींना कलंक चिकटलेला आहे, म्हणून आता आपण ‘एकल माता’ म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण संशोधनात हे रकाने एक करू नयेत. आता मी वर्गात फळ्यावर चारही आकडे लिहितो, आणि सुरुवात १५ पासून करतो.