भूमिका आणि तिचा अधिकारी

ठाण्याच्या रंगायतनाला राम गणेश गडकऱ्यांचे नाव आहे. ह्या नाटककाराच्या 'एकच प्याला'तील सिंधू ही मराठी रंगभूमीवरील स्त्रीदुःखाची परिसीमा मानली गेली. आणि १९१९ साली ती प्रथम रंगमंचावर अवतरली ती नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व ह्या पुरुष नटाच्या रूपाने. आज एखाद्या संस्थेने सिंधूची भूमिका पुरुषाकडे सोपविली, तर तो एक प्रयोग ठरेल. त्या काळी तो नियम होता. हा नियम बदलला तो स्त्रीपार्टी नटांची कला उणी पडली म्हणून खास नव्हे. मग तो का बदलला? ह्या प्रश्नाचे उत्तर नीट शोधले, तर आज चर्चेत असलेल्या एका दुसऱ्या प्रश्नाचीही उकल होण्यास साहाय्य होईल. तो प्रश्न असा की, समलिंगी, पारलिंगी आणि तत्सम अल्पसंख्य व्यक्तींच्या भूमिका त्या समूहाबाहेरील नटांनी कराव्यात किंवा नाही.

प्रथम शास्त्राकडे वळू. नाट्यशास्त्राने पात्रयोजनेच्या तीन प्रकृती सांगितल्या आहेत. नट आणि पात्र ह्यांचे लिंग व वय जुळत असेल तर ती अनुरूपा. बालकाने वृद्धाची किंवा वृद्धाने बालकाची भूमिका केली तर ती विरूपा. आणि पुरुषाने स्त्रीची अथवा स्त्रीने पुरुषाची भूमिका केली तर ती रूपानुसारिणी. ह्यावरून एवढे निश्चित होते की, नटाने आपल्याहून भिन्न असलेल्या माणसाचे रूप धारण करणे ही आपल्या परंपरेत अपवादाची नव्हे, तर नाट्याच्या मूलभूत व्यवहाराची गोष्ट आहे. 'जो जसा असेल त्यानेच तसे दाखवावे' हा दंडक शब्दशः स्वीकारला, तर खुन्याची भूमिका खुन्यालाच द्यावी लागेल आणि नाट्यकलाच संपुष्टात येईल. येथवर परकायाप्रवेशाच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे निर्विवाद आहे.

तथापि, ह्या वर्गीकरणाचा एक विशेष सहसा दुर्लक्षित राहतो. रूपानुसारिणी प्रकृती दुहेरी आहे. पुरुष स्त्री होतो, तशी स्त्रीही पुरुष होते. शास्त्राने नटाला दिलेली ही मोकळीक परस्परांची आहे. मराठी रंगभूमीच्या इतिहासात मात्र ती दीर्घकाळ एकमार्गी राहिली. विष्णुदास भावे ह्यांनी १८४३ साली सांगली येथे 'सीतास्वयंवर' सादर केले तेव्हापासून पुढे कित्येक दशके प्रमुख नाटकमंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुषच करीत आले. १९१३ साली दादासाहेब फाळके ह्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके ह्यांनी केली, कारण ती करण्यास स्त्री मिळेना. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्ना भोळे ह्यांच्यासारख्या स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या आणि जुन्या प्रथेचा पाया खचला.

ह्या इतिहासाचा निष्कर्ष काय? बालगंधर्वांची कला थोर होती, हे सत्य आहे. आणि ज्या व्यवस्थेत ती फुलली त्या व्यवस्थेने स्त्रीला रंगमंचाबाहेर ठेवले होते, हेही तितकेच सत्य आहे. पहिल्या सत्याने दुसरे खोटे ठरत नाही. अन्याय पुरुषाने स्त्री होण्यात नव्हता. स्त्रीला स्त्री होण्याचीही मुभा नव्हती, ह्यात तो होता. म्हणजे वादाचे खरे स्थान नटाच्या सामर्थ्यात नसून रंगभूमीच्या दाराशी आहे. 'हा नट ही भूमिका करू शकेल काय?' हा कलेचा प्रश्न झाला. 'ह्या भूमिकेच्या निवडीसाठी कोणाला आत येऊ दिले होते?' हा न्यायाचा प्रश्न होय. आजच्या चर्चेत हे दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळले जातात, आणि त्यामुळे ती निष्फळ होते.

ही कसोटी हाती घेतली म्हणजे समलिंगी भूमिका आणि पारलिंगी भूमिका ह्यांचा विचार एकाच मापाने करता येत नाही, हे ध्यानात येते. प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे.

समलिंगी भूमिकांचा विचार प्रथम करू. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' ह्या नाटकात १९८१ साली रोहिणी हट्टंगडी ह्यांनी सुमित्रा देव हिची भूमिका केली. स्त्रीवर प्रेम करणारी नायिका मराठी रंगभूमीच्या मध्यभागी येण्याचा तो प्रसंग होता. ह्या नाटकातील एक योजना आपल्या विषयाशी विलक्षण निगडित आहे. महाविद्यालयातील एका नाट्यप्रयोगात सुमित्रा पुरुषाची भूमिका करते, नमा नायिका असते, आणि त्या सोंगातून सुमित्राच्या मनातील सत्य तिच्यापुढे उभे राहते. सोंग हे नेहमी सत्य झाकण्यासाठीच असते असे नाही, ही जाण तेंडुलकरांनी नाटकाच्या रचनेतच पेरली आहे. अशा नाटकाच्या नटीकडे तिच्या खासगी जीवनाचा दाखला मागणे हे त्या नाटकाच्या मर्मालाच विसंगत ठरेल.

दुसरे उदाहरण मराठीच्या अभ्यासकांना अधिक जवळचे आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे अध्यापक होते आणि कवीही होते. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसे त्यांच्या घरात घुसली, त्यांच्या खासगी क्षणांचे चित्रण केले, आणि विद्यापीठाने निलंबित केले ते सिरसांना. १ एप्रिल रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला. ७ एप्रिल रोजी ते आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळले. ह्या घटनेवरील हंसल मेहता दिग्दर्शित 'अलीगढ' हा हिंदी चित्रपट २०१६ साली प्रदर्शित झाला. त्यात सिरसांची भूमिका मनोज वाजपेयी ह्यांनी केली. पटकथा अपूर्व असरानी ह्यांची होती, आणि त्यांनी आपले समलिंगी असणे सार्वजनिकरीत्या सांगितले आहे. वाजपेयींच्या अभिनयात लकबींचे भांडवल कोठेही नाही. एकाकी संध्याकाळी लता मंगेशकरांचे गाणे ऐकत बसलेला, वयाने थकलेला, भाषेवर प्रेम करणारा एक माणूस एवढेच ते दाखवितात, आणि प्रेक्षकाला तेवढ्यातच सर्व काही कळते.

ही भूमिका समलिंगी नटालाच द्यावयास हवी होती, असा आग्रह धरला तर त्याचा अर्थ काय होतो, हे पाहिले पाहिजे. भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ संबंधीचा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये रद्द ठरविला होता, आणि ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत समलिंगी संबंध पुन्हा अपराधाच्या कक्षेत होते. म्हणजे २०१६ साली नटाकडे असा दाखला मागणे हे त्याला अपराधाची कबुली मागण्यासारखे झाले असते. कायदा बदलल्यानंतरही आक्षेपाचे मूळ कायम राहते. समलिंगी असणे हे चेहऱ्यावर लिहिलेले नसते. ते सांगावे लागते, आणि केव्हा, कोणाला व सांगावे की नाही, हे ठरविण्याचा हक्क ज्याचा त्याचा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'हार्टस्टॉपर' ह्या ब्रिटिश मालिकेतील किट कॉनर ह्या अठरा वर्षांच्या नटावर अशाच आग्रहाचा भडिमार झाला, आणि आपण उभयलिंगी आकर्षण असलेले आहोत हे त्याला नाइलाजाने जाहीर करावे लागले. सिरसांच्या दारातून आत घुसणाऱ्यांचा हेतू दुष्ट होता, ह्या आग्रहकर्त्यांचा हेतू चांगला होता. परंतु दार दोघांनीही न विचारताच उघडले. न्यायासाठी मांडलेल्या मागणीने न्यायाचाच असा भंग होत असेल, तर ती मागणी सोडून दिली पाहिजे.

ह्याचा अर्थ समलिंगी भूमिका कशाही केल्या तरी चालतील, असा नव्हे. विनोदासाठी लचकत चालणारा पुरुष आपल्या प्रेक्षकांच्या नित्य परिचयाचा आहे. त्यातील दोष नटाच्या जन्मात नसून संहितेच्या दृष्टीत आहे. 'अलीगढ'चे यश बव्हंशी ह्या गोष्टीत आहे की, आतून जाणणाऱ्या माणसाने ती कथा लिहिली. समलिंगी भूमिकेच्या बाबतीत समूहाच्या सहभागाचे पहिले स्थान लेखणीपाशी आणि तालमीपाशी आहे. नटनिवडीच्या वेळी होणाऱ्या उलटतपासणीत नव्हे.

पारलिंगी भूमिकांकडे वळताच चित्र पालटते. येथे भिन्नत्व पुष्कळदा देहावर, आवाजात आणि नावात उघड दिसते, आणि त्यामुळेच दार उघडपणे बंद होते. गेल्या काही वर्षांतील तीन कलाकृती ह्या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. रवी जाधव दिग्दर्शित 'नटरंग' (२०१०) ही आनंद यादवांच्या कादंबरीवर आधारलेली कथा आहे. तीत पैलवानी देहाचा गुणा तमाशासाठी नाच्या होतो आणि समाज त्याच्या सोंगालाच त्याचे सत्य मानून त्याला शिक्षा करतो. गुणा स्वतः पारलिंगी नाही; म्हणून अतुल कुलकर्णी ह्यांची निवड येथे अनुरूपाच आहे. राजीव पाटील ह्यांच्या 'जोगवा'मध्ये (२००९) उपेंद्र लिमये ह्यांनी तायप्पाची भूमिका केली आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तायप्पा देवीला वाहिलेला, इच्छेविरुद्ध लुगडे नेसविलेला पुरुष आहे. त्याच्या अंतरीचा विद्रोह पुरुषाचा आहे. तेव्हा येथेही नटाविषयी आक्षेप घेता येत नाही. मात्र एक शंका राहते. जोगत्यांमध्ये हे रूप स्वतःच्या ओढीने धारण करणारेही असतात. त्यांची कथा मराठी चित्रपटाने नायकपदी आणली नाही. लादलेले लुगडे आपल्या सहानुभूतीला सोपे जाते. आवडीने नेसलेले लुगडे तिला जड जाते. नटाची निवड आणि कथेची निवड ह्या परस्परांना किती बांधलेल्या आहेत, हे येथे दिसते.

तिसरी कलाकृती म्हणजे जाधव ह्यांचीच 'ताली' ही २०२३ ची हिंदी मालिका. तीत श्रीगौरी सावंत ह्या महाराष्ट्रातील पारलिंगी कार्यकर्तीची भूमिका सुश्मिता सेन ह्यांनी केली, आणि तिच्या मुलगेपणाच्या काळातील भूमिका कृतिका देव ह्यांनी. दोघींच्या परिश्रमाविषयी दुमत असू नये. परंतु येथे पात्र निःसंशय पारलिंगी आहे, आणि श्रीगौरी स्वतः २०१७ साली एका गाजलेल्या जाहिरातपटात स्वतःच्याच रूपाने कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या होत्या. म्हणजे समूहात कोणी कॅमेऱ्यापुढे उभे राहू शकत नाही, ही सबब येथे लागू पडत नाही. उरते ती व्यापाराची सबब: प्रसिद्ध नटीवाचून भांडवल मिळत नाही. ती खोटी नाही. परंतु प्रसिद्धी भूमिकांतून येते, आणि भूमिका प्रसिद्धीवाचून मिळत नाहीत. हे वर्तुळ स्त्रियांपुढेही होते. ते कोणीतरी बाहेरून तोडावे लागते. चिली देशातील 'अ फँटास्टिक वूमन' (२०१७) ह्या चित्रपटात डॅनिएला वेगा ह्या पारलिंगी अभिनेत्रीने नायिका साकारली आणि त्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले, हे ह्या वर्तुळाच्या अभेद्यतेवर पुरेसे उत्तर आहे.

आता पुन्हा ठाण्याकडे येऊ. लक्ष्मीनारायण त्रिपाठी ह्या ठाण्याच्या. त्यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' हे आत्मकथन २०१२ साली मराठीत प्रसिद्ध झाले. त्यांनी भरतनाट्यमचे शिक्षण घेतले आहे, आणि दूरचित्रवाणीवरही त्या अनेकदा दिसल्या आहेत. पण कोणत्या नात्याने? मुख्यतः लक्ष्मी म्हणून. आपल्या समाजाने पारलिंगी व्यक्तीला साक्षीदाराचा पिंजरा दिला, नटाचा रंगमंच दिला नाही. तिने आपली व्यथा सांगावी आणि आपण ऐकावी, एवढेच नाते आपण मान्य केले. परकायाप्रवेशाचा जो अधिकार आपण सुश्मिता सेन ह्यांना सहज देतो, तो लक्ष्मींना देण्याची कल्पनाही आपल्याला शिवत नाही. रूपानुसारिणी प्रकृतीचा एकमार्गीपणा म्हणतात तो हाच.

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथील बहुसंख्य प्रेक्षकांना हिजडा भेटतो तो लोकलच्या डब्यात, टाळीच्या आवाजासह. तोच प्रेक्षक संध्याकाळी नाट्यगृहात किंवा घरच्या पडद्यावर त्या टाळीचा अभिनय पाहतो आणि त्याला दाद देतो. डब्यातील टाळीला मान फिरविणे आणि पडद्यावरील टाळीला टाळी देणे ह्यांतील अंतर हाच ह्या विषयातील खरा पेच आहे. नट कितीही थोर असला तरी हे अंतर एकटा भरून काढू शकत नाही.

येथे एक प्रामाणिक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. पारलिंगी भूमिका पारलिंगी नटांसाठी राखून ठेवल्या, तर ते त्याच भूमिकांत कोंडले जाणार नाहीत काय? हा धोका खरा आहे. आरंभीच्या काळी अशा भूमिकांत त्यांना प्राधान्य द्यावे, हे मी मान्य करतो. परंतु ते दार उघडण्यापुरते. स्त्रियांचा रंगमंचप्रवेश सिंधूपुरता थांबला असता, तर त्याला आपण मुक्ती म्हटले नसते. ज्या दिवशी पारलिंगी नटी आईची, वकिलाची, शेजारणीची किंवा सिंधूचीही भूमिका करील आणि कार्यक्रमपत्रिकेत त्याचा वेगळा उल्लेख करावासा वाटणार नाही, त्या दिवशी भिन्न नटाने पारलिंगी पात्र रंगविण्यालाही कोणाचा आक्षेप राहणार नाही. परस्परता प्रस्थापित झाली की परकायाप्रवेश निर्दोष होतो. तोवर तो कितीही सुंदर असला तरी ऋणातच राहतो.

ह्या विवेचनाचा व्यवहारातील निष्कर्ष साधा आहे. समलिंगी भूमिकेच्या बाबतीत नटाला त्याच्या खासगी जीवनाविषयी काहीही विचारू नये. संहितेला मात्र कठोरपणे विचारावे. पारलिंगी भूमिकेच्या बाबतीत निवडीची वार्ता त्या समूहापर्यंत पोचली होती काय, हे संस्थेला विचारावे, आणि अन्य भूमिकांच्या निवडीविषयीही तेच विचारावे. ही सुरुवात मोठ्या भांडवलाच्या पडद्यावरून होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. महाविद्यालयांच्या एकांकिकांना तारकेची गरज नसते, आणि आपल्या विभागांतील विद्यार्थीच त्यांचे लेखक, दिग्दर्शक आणि परीक्षक असतात. गडकऱ्यांच्या सिंधूला तिच्या लिंगाची नटी मिळण्यास मराठी रंगभूमीला जो विलंब लागला, तोच पुन्हा लागू देण्याचे समर्थन आज कोणत्याही शास्त्राने करता येणार नाही.