गल्ल्यामागचा माणूस

साहित्याने चोराला न्याय दिला, ही साहित्याची फार मोठी कामगिरी आहे. न्यायालयाला ज्याचा केवळ गुन्हा दिसला, त्याच्या घरातली थंड पडलेली चूल साहित्याला दिसली. व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ १८६२ साली प्रसिद्ध झाली. बहिणीच्या सात उपाशी लेकरांसाठी एक पाव चोरणारा जाँ व्हालजाँ तेव्हापासून जगभरच्या वाचकांचा जिवलग झाला आहे. चोरीबद्दल पाच वर्षे आणि पळून जाण्याच्या प्रयत्नांबद्दल चौदा, अशी एकोणीस वर्षे त्याने भोगली, हेही वाचकांना पाठ असते. पण तो पाव ज्याच्या दुकानातून गेला, त्याचे नाव किती जणांना आठवते? ह्यूगोने त्याला नाव दिले आहे. मोबेर इझाबो. काच फुटल्याचा आवाज ऐकून तो धावत बाहेर येतो, चोराला पकडतो आणि कादंबरीतून कायमचा निघून जातो.

यात ह्यूगोची चूक नव्हती. इझाबो स्वतःच पाव भाजणारा, स्वतःच विकणारा आणि स्वतःच मालक होता. त्याच्याकडे पाव होता आणि व्हालजाँकडे नव्हता. संघर्ष सरळ होता व लेखकाने कोणाच्या बाजूला उभे राहायचे, हेही सरळ होते. प्रश्न असा आहे की, आज त्या काचेमागे कोण उभे आहे?

हा प्रश्न इंग्लंडातून येणाऱ्या आकड्यांमुळे उपस्थित करावा लागतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये मार्च २०२५ अखेरच्या वर्षात पोलिसांनी दुकानचोरीचे ५,३०,६४३ गुन्हे नोंदवले. नोंदणीची सध्याची पद्धत सुरू झाल्यापासून एवढा आकडा आधी कधीच आला नव्हता. ब्रिटिश रिटेल कन्सॉर्शियम ही दुकानधंद्यातील कंपन्यांची संघटना. तिच्या अहवालानुसार २०२३-२४ या एका वर्षात दोन कोटींहून अधिक चोऱ्या झाल्या व २२० कोटी पौंडांचा माल गेला. मालकांचा हिशेब मालकांच्या सोयीचा असू शकतो, असे आपण खुशाल धरून चालावे. परंतु त्याच अहवालातला दुसरा आकडा मालाचा नाही, माणसांचा आहे. त्या वर्षी दुकानातील कामगारांना मारहाण, धमकी, शिवीगाळ, वांशिक अपमान सोसावा लागल्याचे प्रसंग दिवसाला दोन हजारांवर गेले. आदल्या वर्षी ते १,३०० होते आणि २०१९-२० मध्ये ४५५. या दोन हजारांपैकी दररोज सुमारे ७० प्रसंगांत हत्यार होते.

हा मार कोण खातो? कंपनीचे भागधारक दुकानात नसतात. संचालकही नसतात. गल्ल्यावर असते तासाच्या हिशेबाने काम करणारी बाई. दारू किंवा सिगारेट मागणाऱ्या पोराला वयाचा पुरावा विचारणे हे तिचे काम आहे. विचारले नाही तर कायद्याचा बडगा, विचारले तर तोंडावर ठोसा. तिथे शिकायला गेलेली आपली मुलेही आठवड्याला वीस तासांच्या परवानगीत अशाच दुकानांत उभी राहतात. नफ्यात त्यांचा वाटा नाही, मारात मात्र पुरता वाटा आहे.

ही परिस्थिती आकाशातून पडलेली नाही. पूर्वी गिऱ्हाईक यादी सांगे आणि नोकर मागच्या फळीवरून माल काढून देई. अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९१६ साली पिगली विगली हे दुकान निघाले आणि गिऱ्हाइकाने स्वतःच टोपली घेऊन फिरावे अशी रीत सुरू झाली. माल उघड्यावर आला आणि नोकर कमी झाले. पुढे गिऱ्हाइकानेच बिल करायचे यंत्र आले, नोकर आणखी कमी झाले. माणसे कमी करून वाचलेला पैसा वर गेला आणि त्यातून निर्माण झालेला धोका खाली, उरलेल्या एकट्या माणसाच्या अंगावर आला. त्यातच महागाई भडकली. मार्च २०२३ मध्ये ब्रिटनमधील अन्नधान्याची महागाई १९ टक्क्यांच्या पुढे गेली. लोण्याला, मांसाला, तान्ह्या बाळांच्या दुधाच्या भुकटीला चोरीविरोधी टाळी लागली. ज्या समाजात बाळाच्या दुधाला कुलूप लावावे लागते, त्या समाजाने आधी स्वतःकडे बघायला हवे, हे खरेच आहे. पण सगळी चोरी भुकेची नसते. व्यसनासाठी चोरणारे आहेत, आणि मागणी घेऊन ठरवून पिशव्या भरणाऱ्या टोळ्याही आहेत. या तिघांना एकाच शब्दात कोंबणे हा आळशी विचार आहे.

कायद्याचा इतिहास या आळसाचीच साक्ष देतो. इंग्लंडात १६९९ च्या कायद्याने दुकानातून पाच शिलिंगांचा माल चोरणाऱ्याला फाशीची शिक्षा ठेवली. ती रद्द करण्यासाठी सॅम्युएल रोमिलीने आणलेले विधेयक १८१० साली लॉर्डांच्या सभागृहाने फेटाळले, आणि विरोधात हात वर करणाऱ्यांत धर्मगुरू बिशपही होते. पाच शिलिंगांचे मोल माणसाच्या मानेपेक्षा अधिक ठरले. २०१४ साली उलट टोक आले. दोनशे पौंडांपर्यंतची दुकानचोरी किरकोळ गुन्ह्यांत टाकण्यात आली. त्यानंतर पोलीस फिरकेनासे झाले, अशी दुकानातील लोकांची तक्रार आहे. स्कॉटलंडने २०२१ मध्ये दुकान कामगारांच्या संरक्षणासाठी वेगळा कायदा केला. इंग्लंड व वेल्ससाठी अशाच स्वतंत्र गुन्ह्याची तरतूद २०२५ साली ब्रिटनच्या संसदेत मांडलेल्या विधेयकात आली. म्हणजे तीनशे वर्षे कायदा मालाची किंमत मोजत होता. त्या मालाजवळ उभ्या असलेल्या माणसाकडे त्याचे लक्ष आत्ता कुठे गेले.

साहित्याचे काय? दुकानातील नोकर साहित्यात अजिबात आला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एमिल झोलाने १८८३ साली पॅरिसच्या प्रचंड कापड-दुकानावर ‘ओ बोनेर दे दाम’ ही कादंबरी लिहिली. मंदीच्या दिवसांत क्षुल्लक कारणांवरून हाकलली जाणारी माणसे झोलाने निष्ठुरपणे दाखवली आहेत. दुकानचोरीही आहे, आणि चोरणारी आहे एक काउंटेस. तिच्या अंगावर चोरलेली लेस सापडते. तिच्याकडून कबुलीची चिठ्ठी लिहून घेतात आणि तिला घरी जाऊ देतात. व्हालजाँला एकोणीस वर्षे आणि काउंटेसला एक चिठ्ठी! अशा प्रतिष्ठित बायकांसाठी त्या शतकातल्या डॉक्टरांनी ‘क्लेप्टोमेनिया’ नावाचा रोगही तयार ठेवला होता. गरिबाने चोरले तर पाप आणि श्रीमंताने चोरले तर दुखणे, ही वर्गवारी झोलाने नेमकी पकडली. पण त्याच कादंबरीतील विक्रेती डेनिस शेवटी कशी सुटते? दुकानाच्या मालकाशी लग्न करून.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने तर स्वतःच पोरवयात कापडदुकानात उमेदवारी केली होती. त्याच्या ‘किप्स’ (१९०५) मधले दुकान त्यामुळे आतून पाहिलेले आहे. मालकाच्याच छपराखाली झोपायचे, त्याचेच अन्न खायचे, त्याच्याच नियमांनी दंड भरायचा. पण किप्स सुटतो तो अचानक वारशाने आलेल्या पैशाने. एकीला नवरा सोडवतो, दुसऱ्याला वारसा. दुकान जसेच्या तसे उभे राहते आणि सुटलेल्याच्या जागी दुसरे पोर उभे केले जाते. गल्ल्यामागच्या माणसाला गल्ल्यामागे ठेवून त्याची प्रतिष्ठा शोधण्याचे धैर्य या थोर लेखकांनाही झाले नाही, असे नाइलाजाने म्हणावे लागते.

आता आपल्याकडे वळू. अण्णा भाऊ साठ्यांचा ‘फकिरा’ (१९५९) धान्य लुटतो आणि भुकेल्या वस्तीत वाटतो. तो घाव धान्य कोंडून ठेवणाऱ्यावर होता, मापाड्यावर नव्हता. म्हणून त्या लुटीला नैतिक तेज आहे. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ने (१९८७) या तेजाचीही पुढची कसोटी घेतली. उचल्या या शब्दाचा अर्थच भामटा, आणि तोच शब्द एका जमातीला नाव म्हणून चिकटवला गेला. ज्या इंग्रजी राज्यकर्त्यांच्या मायदेशात पाच शिलिंगांसाठी फाशी होती, त्यांनीच इथे १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का गेला नाही. गायकवाड चोरीचा गौरव करीत नाहीत. पोलिसांचा मार आणि कष्टाचे काम मागणाऱ्याच्या तोंडावर बंद होणारे दार ते दाखवतात. चोरी ही त्यांच्या पुस्तकात पराक्रम नाही. कामाची वाट बंद केल्यावर उरलेला तो रस्ता आहे. ‘उचल्या’ आजच्या इंग्लंडबद्दल नाही. तरीही दुकानचोरीवर बोलणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे असे मी म्हणतो, ते याच कारणाने.

कारण या प्रश्नावर सध्या दोन सोपी उत्तरे फिरत आहेत. पहिले उत्तर म्हणते: पहारा वाढवा, चेहरे टिपा. त्याचे फळ अमेरिकेत दिसले आहे. राइट एड या औषधदुकानांच्या साखळीने चेहरा ओळखणारी यंत्रे बसवली. ती निरपराध गिऱ्हाइकांवर चोर म्हणून बोट ठेवीत राहिली. काळ्या आणि आशियाई लोकांच्या वस्त्यांमधील दुकानांत हे खोटे इशारे अधिक निघत, असा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि डिसेंबर २०२३ मध्ये ही यंत्रे वापरायला त्या कंपनीला पाच वर्षे मनाई केली. १८७१ ची हजेरी अशी यंत्रातून परत येते. चेहऱ्यावरून चोर ओळखणे म्हणजे काय, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरे उत्तर पुरोगामी तोंडांतून येते: कंपनी श्रीमंत आहे, गेले तर तिचेच गेले. ऐकायला हे विद्रोही वाटते. पण कंपनी आपले गेलेले भावात भरून काढते, नोकर कमी करून भरून काढते. बाईच्या गालावर बसलेली थप्पड मात्र कोणत्याच खात्यात भरून निघत नाही. भूक पावाची चोरी समजावून सांगू शकते, गल्ल्यावरच्या माणसाला मारलेला ठोसा ती समजावून सांगू शकत नाही. चोराची बाजू घेताना जो नोकराला मालक समजतो, त्याला मालकही कळलेला नाही आणि चोरही.

मला या दोन्ही उत्तरांत एकच खोट दिसते. पहिल्याला माल दिसतो, दुसऱ्याला कंपनी दिसते. माणूस दोघांनाही दिसत नाही. चोरी करणारा आणि चोरी पाहून गप्प बसावे लागणारी बाई पुष्कळदा एकाच वस्तीतून, एकाच बसने त्या दुकानात आलेली असतात. व्यवस्थेने त्यांना समोरासमोर उभे केले आहे आणि आपण वर बसून झुंज पाहत आहोत.

या झुंजीची कादंबरी अजून लिहायची आहे. तिच्यात मोबेर इझाबो मालक नसेल. तो रात्रपाळीला एकटा असेल, काच फुटल्याचा आवाज त्याला ऐकू येईल, आणि चोराच्या हातात बाळाचे दूध आहे की विकायला नेलेल्या बाटल्या, हे त्याला एका नजरेत ओळखावे लागेल. मागे धावला तर नोकरी जाण्याची भीती, नाही धावला तर उद्या जाब. तो काय करतो, आणि घरी गेल्यावर लेकराला काय सांगतो, हे ज्याला लिहिता येईल, त्याने ह्यूगोने अर्ध्यावर सोडलेले पान पुरे केले असे मी समजेन.